सेवानिवृत्तीनंतरचे काम : मुळशी तालुक्याच्या निमित्ताने

मे महिन्याची ३१ तारीख ही ग्रामीण महाराष्ट्रातील शाळा, पंचायत समित्या आणि कार्यालये यांच्या दृष्टीने निरोपाची तारीख असते. एका पिढीतील असंख्य मुलांची खरी जन्मतारीख घरात कोणाला ठाऊक नसे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी '१ जून' असे लिहिले आणि तीच तारीख पुढे सेवापुस्तकात उतरली. राज्य शासनाच्या सेवेत वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ५८ वर्षे, तर चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांसाठी ६० वर्षे आहे. त्यामुळे १ जूनला जन्मलेला शिक्षक किंवा ग्रामसेवक ३१ मे रोजी सेवेतून मोकळा होतो. शाल आणि श्रीफळ दिले जाते, सहकारी चार शब्द बोलतात, सत्कारमूर्तीचा कंठ दाटून येतो आणि मंडळी आपापल्या घरी जातात.

मुळशी तालुक्यातील एखाद्या प्राथमिक शिक्षकाला त्यानंतरचे पंधरा दिवस फारसे जड जात नाहीत. शाळांना सुटीच असते. घरी पाहुणे असतात, भाताच्या रोपांसाठी वाफे तयार करायचे असतात, पावसाची वाट पाहायची असते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. त्या सकाळी नव्या पुस्तकांची पिशवी घेतलेली मुले ओट्यासमोरून जातात, घंटा ऐकू येते, आणि आपल्याला आता तेथे जायचे नाही ही गोष्ट त्या शिक्षकाला प्रथमच खऱ्या अर्थाने उमगते. सेवानिवृत्तीचा आदेश हाती पडतो तो ३१ मे रोजी. तिचा अनुभव मात्र त्या घंटेबरोबर येतो.

हा प्रश्न एकट्या शिक्षकाचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होती. आयुर्मान वाढले आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या निरोगी माणसापुढे वीस-वीस वर्षांचा काळ उभा असतो. या काळाचे नियोजन हा कुटुंबाचा प्रश्न आहेच. पण ज्या गावात ही माणसे राहतात त्या गावाचा आणि तेथील पंचायतीचाही तो प्रश्न आहे.

नेमके काय हरवते?

निवृत्त मनुष्याला काम आठवते, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु त्याला फाइली आठवत नाहीत, मासिक अहवाल आठवत नाहीत, तपासणीची धास्ती तर मुळीच आठवत नाही. त्याची रुखरुख बारकाईने पाहिली, तर तीत चार निरनिराळ्या गोष्टी आढळतात.

पहिली गोष्ट दिवसाची आखणी. तीस-पस्तीस वर्षे घड्याळाने दिवसाचे तुकडे पाडून दिलेले असतात. ते घड्याळ थांबले की सकाळ आणि दुपार यांतील भेद पुसट होतो. रविवारची गोडीही जाते, कारण सातही दिवस रविवार होतात.

दुसरी गोष्ट सोबत. कार्यालयातील सारेच सहकारी मित्र असतात असे नाही. पण रोज चार माणसांशी बोलणे होत असते. ही सोबत आपोआप मिळत असल्यामुळे ती मिळवावी लागते याचा विसर पडलेला असतो.

तिसरी गोष्ट ओळख. 'गुरुजी', 'रावसाहेब', 'भाऊसाहेब', 'सिस्टर' या संबोधनांत मनुष्य इतका मुरलेला असतो, की त्याखालचे स्वतःचे नाव त्याला परके वाटू लागते. ज्याचे पद मोठे, त्याला हे अधिक लागते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपली कोणाला तरी गरज आहे ही भावना. आपण गेलो नाही तर वर्ग उघडणार नाही, लस टोचली जाणार नाही, सातबारा मिळणार नाही, या जाणिवेने माणूस ताप असतानाही घराबाहेर पडतो. ही जाणीव नाहीशी झाली की प्रकृती ठीक असूनही तो बसून राहतो.

हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. ज्याला सोबत हवी, त्याला ज्येष्ठांच्या कट्ट्यावर समाधान मिळेल. ज्याला आपली गरज हवी आहे, तो त्याच कट्ट्यावर चार दिवसांत कंटाळेल. सहल, भजन, योगासने हे सारे उपयुक्त असले, तरी चौथ्या गोष्टीची उणीव त्याने भरून निघत नाही.

निवृत्ती सर्वांना सारखी नसते

मुळशी हा या विषयाच्या अभ्यासाला सोयीचा तालुका आहे, कारण निवृत्तीचे अनेक प्रकार येथे एकाच रस्त्यावर दिसतात. पुण्याहून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड या मार्गाने जाणाऱ्याला प्रथम शहरातून निवृत्त होऊन राहावयास आलेल्यांच्या इमारती लागतात, मग कारखाने, पुढे तालुक्याचे ठिकाण, आणि त्याही पुढे ताम्हिणीच्या बाजूस भाताची खाचरे व डोंगरातील वाड्या.

शासकीय सेवेतील निवृत्तांपैकी जुन्या नियमांखालच्यांना निश्चित निवृत्तिवेतन मिळते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्यसेवेत आलेल्यांना अंशदायी योजना लागू झाली, त्यामुळे त्यांचे गणित निराळे आहे. पिरंगुटसारख्या औद्योगिक भागातील कामगाराचे गणित याहून कठीण. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. एवढ्या रकमेवर ज्याला भागवावयाचे आहे, त्याला 'आता समाजसेवा करा' असा उपदेश करणे शोभणार नाही. त्याला आधी अर्थार्जनाचे हलके काम हवे.

शेतकऱ्याला निवृत्तीची तारीखच नसते. हातपाय चालेतो तो शेतावर जातो, आणि चालेनासे झाले तरी बांधावर बसून सूचना देतो. त्याचे काम वयाबरोबर हळूहळू हलके होत जाते. निवृत्तीचा हा जुना आणि बहुधा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. परंतु जमीन गेली की हा मार्गच बंद होतो. मुळशीने हे दोनदा पाहिले आहे. १९२० च्या सुमारास मुळा खोऱ्यात धरण बांधण्याच्या योजनेने शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. बापट 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले ते याच लढ्यामुळे. पुढे हिंजवडी व माण परिसरात माहिती तंत्रज्ञान उद्यान आले आणि शहर पश्चिमेकडे सरकले, तेव्हा जमिनींना भाव आला. या दुसऱ्या वेळी पैसा मिळाला, परंतु पैशाबरोबर काम येत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी जमीन विकून मोकळा झालेला शेतकरी हा एका अर्थी अकाली निवृत्त झालेला मनुष्य होय. त्याचे रितेपण अठ्ठावन्न वर्षांच्या कर्मचाऱ्याहून कमी नाही. फक्त त्याला निरोपाचा नारळ कोणी देत नाही.

स्त्रियांचा विचार तर स्वतंत्रपणेच करावा लागेल. शिक्षिका, परिचारिका किंवा अंगणवाडी सेविका निवृत्त होते, तेव्हा तिला वेळ कसा घालवावा हा प्रश्न पडत नाही. स्वयंपाक, नातवंडे, आजारी सासू यांनी तिचा दिवस दुसऱ्याच दिवशी भरून जातो. तिला उणीव भासते ती घराबाहेरच्या जगाची आणि स्वतःच्या हाती येणाऱ्या पैशाची. घरात पती-पत्नी दोघेही निवृत्त असतील, तर एकजण पेपर वाचत बसलेला आणि दुसरी चुलीपुढे उभी, असे चित्र दिसते. निवृत्त पुरुषाला 'करावयास काम नाही' असे वाटत असेल, तर त्याने शोधाचा आरंभ आपल्या घरापासून करणे उचित ठरेल.

दोन थोर उदाहरणे

पुणे जिल्ह्याच्या इतिहासात निवृत्तीनंतरच्या कार्याची दोन उदाहरणे ठळक आहेत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ मध्ये डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले. त्यानंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांचे संशोधन पुढेही चालू राहिले. त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्थापन झाली आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. महिला विद्यापीठाची स्थापना त्यांनी १९१६ मध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर केली. सत्तरी ओलांडल्यावर ते विद्यापीठाच्या प्रचारार्थ परदेशी गेले. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. १९४४ मध्ये समता संघ काढला. १९५८ मध्ये त्यांना 'भारतरत्न' हा सन्मान मिळाला, त्या वर्षी त्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली.

अशी उदाहरणे सांगितली की सामान्य निवृत्त मनुष्य मान डोलावतो आणि 'ती माणसेच वेगळी' असे म्हणून मोकळा होतो. म्हणून कर्व्यांच्या थोरवीपेक्षा त्यांची पद्धत पाहावी. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी अगदी अनोळखी क्षेत्र निवडले नाही. शिक्षण हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते. निवृत्तीनंतर त्यांनी त्याची जागा आणि पल्ला बदलला. शिवाय नोकरीत असतानाच, १८९६ पासून, त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे काम आरंभिले होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना नवे काम शोधावे लागले नाही. हे दोन धडे सामान्य माणसालाही घेता येण्याजोगे आहेत.

गावात कामे आहेत काय?

आहेत, आणि त्यांपैकी अनेक कायद्याने व योजनांनी मान्य केलेली आहेत. ती अनुभवी माणसांच्या नजरेस आणून दिली जात नाहीत, एवढीच अडचण आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमानुसार प्रत्येक अशा शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पालकांचे बहुमत असले, तरी स्थानिक शिक्षणतज्ज्ञालाही स्थान आहे. निवृत्त शिक्षक ही जागा डोळसपणे भरू शकतो. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम तर पूर्णतः स्वयंसेवकांवर आधारलेला आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकवावयाचे, आणि तेही त्यांच्या सोयीच्या वेळी. वीटभट्टीवरील मजुरांच्या किंवा कातकरी वाडीवरील स्त्रियांच्या सोबतीला संध्याकाळी तासभर बसणारा निवृत्त शिक्षक यात जेवढे करील, तेवढे मोठी यंत्रणाही करू शकणार नाही.

वनहक्कांच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचे स्थान विशेष आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखालील नियमांनुसार, दावेदार नसलेल्या गावातील वडीलधाऱ्या व्यक्तींचे लेखी नोंदविलेले कथन हा पुरावा मानला जातो. वृद्धांची आठवण येथे कागदाच्या तोलाची ठरते. ती नीट लिहून काढण्यास निवृत्त तलाठी किंवा ग्रामसेवक यांच्याहून योग्य माणूस कोण?

जैवविविधतेच्या २००२ च्या अधिनियमानुसार स्थानिक पातळीवर व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. मुळशीच्या डोंगरात देवराया आहेत, ताम्हिणीच्या परिसरास २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि या मावळ भागातील आंबेमोहर तांदळास भौगोलिक मानांकन लाभले आहे. कोणत्या खाचरात कोणते वाण होते, कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, कोणत्या झाडाची साल कशावर देत, हे सांगणारी पिढी आज सत्तरीत आहे. तिच्याजवळ बसून लिहून घेण्याचे काम पन्नाशी-साठीतील निवृत्तांनी केले नाही, तर ते पुढे करता येणार नाही. या कामाला खरोखरीच मुदत आहे.

याखेरीज ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, सार्वजनिक ग्रंथालय, दूध व पतपुरवठा संस्थांचे हिशेब, शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकाची रोजची नोंद, एकट्या वृद्धांना दवाखान्यात सोबत, निवृत्तिवेतनाचे व इतर अर्ज भरून देणे अशी लहान कामे आहेत. ही कामे दिसावयास क्षुल्लक वाटतात. पण ज्याचा अर्ज तीन वेळा परत आला आहे, त्याला तो भरून देणाऱ्याची किंमत कळते.

पथ्ये

या विचाराला काही मर्यादा आहेत, आणि त्या स्पष्टपणे मांडणे प्रामाणिकपणाचे होईल.

पहिली मर्यादा तरुणांच्या हक्काची. जुलै २०२३ मध्ये राज्यात जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त पदांवर, नियमित भरती होईपर्यंत, सत्तर वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय झाला. वर्ग शिक्षकाविना राहू नये हा त्यामागील हेतू होता. परंतु वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणाऱ्या पदविकाधारक तरुणांनी त्यास हरकत घेतली, आणि त्यांची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. ज्या कामासाठी तरुणाला वेतन मिळू शकते, त्या कामाच्या आड ज्येष्ठाने येऊ नये, हा दंडक सामान्यतः योग्य होय. तरुणाच्या पाठीशी राहून अनुभव देणे हे ज्येष्ठाचे खरे क्षेत्र.

दुसरे पथ्य अधिकाराचे. निवृत्त अधिकारी गावाच्या समितीत आला की तो नकळत बैठकीचा अध्यक्ष होऊन जातो. सरपंच बोलत असताना मधेच नियम सांगतो, महिला सदस्यांना समजावून सांगू लागतो. लोक आदराने ऐकतात आणि पुढच्या बैठकीस त्याला निरोप धाडण्याचे टाळतात. पदाबरोबर आलेला अधिकार पदाबरोबर गेला. आता जो राहील तो उपयुक्ततेमुळे राहील, हे जाणणारा मनुष्यच गावात टिकतो.

तिसरे पथ्य पैशाचे. निवृत्तीच्या वेळी उपदान आणि अंशराशीकरण यांची एकरकमी रक्कम हाती येते. ज्या भागात जमिनीचे व्यवहार तेजीत असतात, तेथे ही रक्कम हेरणारे मध्यस्थही असतात. रिकामपणाला कंटाळून व्यापारात किंवा भूखंडांच्या व्यवहारात पडणे हा काम शोधण्याचा सर्वांत महाग मार्ग होय. पहिल्या वर्षात कोणताही मोठा आर्थिक निर्णय न घेणे हितावह.

इतरत्र काय केले गेले?

फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये ज्येष्ठांसाठी विद्यापीठीय वर्ग सुरू झाले आणि ही कल्पना अनेक देशांत पसरली. जपानमध्ये टोकियो येथे १९७५ च्या सुमारास ज्येष्ठांची मनुष्यबळ केंद्रे निघाली व १९८६ मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. अशा केंद्राचा सभासद झालेल्या साठीपुढील व्यक्तीस बागकाम, लेखन, दुरुस्ती, देखरेख अशी थोड्या तासांची कामे व त्यांचा मोबदला मिळतो. पिरंगुटच्या निवृत्त कामगाराला अशा व्यवस्थेचा उपयोग अधिक होईल. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ १९८० पासून काम करीत आहे. म्हणजे संघटनेचा पाया आपल्याकडेही आहे. तिला गावातील कामांशी जोडणे एवढेच उरते.

पंचायतीने काय करावे?

त्यासाठी फार खर्चाची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत गावातील निवृत्त व्यक्तीचे नाव, पूर्वीचे काम, अवगत कौशल्य, आणि आठवड्यात देता येण्याजोगे तास लिहावेत. गृहसंकुलांत राहावयास आलेल्या निवृत्तांनाही तीत स्थान असावे. बँक, सैन्य, रुग्णालये, अभियांत्रिकी यांत आयुष्य घालविलेली ही माणसे गावाच्या हद्दीत राहतात, परंतु अनेकदा ग्रामसभेला त्यांची आणि त्यांना ग्रामसभेची ओळख नसते. शेजारच्या पानावर गावातील अपुरी कामे लिहावीत. ग्रामसभेत दोन्ही पाने वाचून दाखवावीत आणि प्रत्येकाकडे एकच, लहान आणि मुदतीचे काम सोपवावे. तीन महिन्यांनी त्याचा आढावा घ्यावा. येण्याजाण्याचा खर्च गावाने सोसावा. कामाची वेळ ठरलेली असावी. कारण वर पाहिल्याप्रमाणे घड्याळ हीसुद्धा निवृत्ताची एक गरज आहे.

कार्यालयांनीही थोडे आधी जागे व्हावे. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तयार करण्याचे काम निवृत्तीच्या बरेच आधी सुरू होते. त्याच वेळी कर्मचाऱ्याला 'आपण पुढे काय करणार?' असा एक प्रश्न विचारण्यास हरकत नाही. कर्मचाऱ्यानेही अखेरच्या दोन वर्षांत आवडीचे एखादे काम आठवड्यातून एकदा करून पाहावे. साठाव्या वर्षी नवी सवय लावणे कठीण असते. असलेली सवय वाढविणे सोपे असते. आणि ज्याला एकटेपण असह्य होते, त्याने मदत मागण्यात कमीपणा मानू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय साहाय्यक्रमांक त्यासाठीच आहे.

दर वर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. कोषागाराला तो वर्षातून एकदा पुरतो. गावाने मात्र आपल्या ज्येष्ठांची हयाती वर्षभर उपयोगात आणावी. मग जूनच्या मध्यावर शाळेची घंटा होईल, तेव्हा ओट्यावर बसलेले गुरुजी उठतील आणि चप्पल पायात घालतील. वर्ग आता दुसऱ्याचा असेल. पण वाचनात मागे पडलेली चार मुले पडवीत त्यांची वाट पाहत बसलेली असतील.